टपालातून आलेले जग

इ.स. १७७८. पुण्यात सवाई माधवराव पेशवे अवघे चार वर्षांचे होते आणि कारभार बारभाईंच्या, त्यातही मुख्यतः नाना फडणिसांच्या हाती होता. देशावर पोथ्या अजून बोरूनेच उतरवल्या जात होत्या. त्याच वर्षी हजारो कोस दूर, रोममधल्या एका छापखान्यातून मराठीचे व्याकरण छापून बाहेर पडले. नाव ‘ग्रामातिका मराष्टा’. ते पोर्तुगीजमध्ये लिहिलेले होते आणि छापील स्वरूपातले मराठीचे पहिले व्याकरण म्हणून त्याची नोंद होते.

शीर्षकाच्या पुढचा मजकूर वाचला की आपण थबकतो. ही मराठी कोणती? तर निजामशाह आणि आदिलशाह यांच्या राज्यांत चालणारी, सर्वांत प्रचलित मराठी. आता निजामशाही बुडाली १६३६ मध्ये आणि आदिलशाही १६८६ मध्ये. पुस्तक छापले गेले तेव्हा पहिलीला जाऊन १४२ वर्षे झाली होती, दुसरीला ९२. मधल्या काळात शिवाजी महाराजांचे राज्य उभे राहिले, मराठी फौजा अटकेपर्यंत जाऊन आल्या, पानिपत झाले. रोमच्या दप्तरात मात्र हा मुलूख जुन्याच नावांनी नोंदलेला होता.

ते दप्तर ज्यांच्या हाती होते, त्या गृहस्थांची ही गोष्ट. त्यांचे नाव स्तेफानो बोर्जा. पुढे ते कार्डिनल झाले, एकदा रोम शहर त्यांच्यावर सोपवले गेले, त्यांनी कैद आणि हद्दपारीही पाहिली. पण आज त्यांचे नाव निघते ते या पदांमुळे नाही. स्वतःला वाचता न येणाऱ्या वस्तू त्यांनी जपून ठेवल्या, म्हणून निघते.

बोर्जा म्हटले की इतिहास वाचणाऱ्याला पंधराव्या शतकाच्या अखेरीचे पोप सहावे अलेक्झांडर आणि त्यांचा मुलगा चेझारे आठवतात. विषप्रयोग, कट आणि सत्तेच्या खेळींसाठी ते घराणे बदनाम झाले. वेल्लेत्रीचे बोर्जा स्वतःला त्याच वंशवृक्षाची फांदी मानत. स्तेफानोंचा जन्म ३ डिसेंबर १७३१ रोजी रोमच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या या वेल्लेत्री गावी झाला. गाव प्राचीन; सम्राट ऑगस्टसचे पितृघराणे इथलेच. जमीन खणली की जुनी नाणी आणि फुटक्या मूर्ती निघाव्यात अशी ती भूमी. मुलाचे शिक्षण काकांकडे झाले. काका आलेस्सांद्रो बोर्जा हे फेर्मो शहराचे आर्चबिशप आणि स्वतः इतिहासाचे अभ्यासक. पुतण्याने चर्चची वाट आणि जुन्या वस्तूंचा नाद, दोन्ही त्यांच्याकडूनच उचलले.

नाद लहानपणीच जडला. विशीच्या उंबरठ्यावर असताना कोर्तोनाच्या एत्रुस्कन अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. १७५१ साली माल्टा बेटावर सापडलेल्या एका शिलालेखावर त्यांनी प्रबंध लिहिला. वेल्लेत्रीच्या वाड्यात घराण्याचा छोटा संग्रह होता; त्यात नाण्यांची आणि हस्तलिखितांची भर पडू लागली.

त्या काळी चर्चमधली बढती म्हणजे निव्वळ धर्माचे काम नव्हते. पोप हे मध्य इटलीतल्या एका मोठ्या राज्याचे राजेही होते. त्या राज्याला सुभे होते, कर होते, तुरुंग होते. होतकरू धर्माधिकाऱ्याला आधी एखाद्या शहराचा कारभार देऊन पारखले जाई. बोर्जा यांच्या वाट्याला बेनेव्हेन्तो आले. हे शहर पोपच्या मालकीचे, पण चहूबाजूंनी नेपल्सच्या राज्याने वेढलेले. अशा जागी गव्हर्नर म्हणून बसायचे तर हिशेब चोख हवा आणि शेजाऱ्याशी बोलताना जिभेवर ताबा हवा. बोर्जा यांनी ही कसोटी पार केली, आणि जाता जाता शहराच्या जुन्या दप्तरात शिरून बेनेव्हेन्तोचा तीन खंडांचा इतिहासही लिहिला. १७६३ ते १७६९ या काळात तो प्रसिद्ध झाला.

हा इतिहास निव्वळ हौशीचा नव्हता. बेनेव्हेन्तो कोणाचे, हा पोप आणि नेपल्समधला जिवंत वाद होता. जुन्या सनदा छापणे म्हणजे वादातला पुरावा पुढे करणे. पुढे १७८८ मध्येही बोर्जा यांनी असेच केले. नेपल्सचा राजा पोपचा मांडलिक या नात्याने दरवर्षी जूनअखेर एक पांढरी घोडी आणि खंडणी पाठवत असे. त्या वर्षी नेपल्सने हा नजराणा बंद केला. त्याच साली दक्षिण इटलीवरच्या पोपच्या हक्काची बाजू मांडणारे बोर्जा यांचे पुस्तक निघाले. वतनाच्या भांडणात दोन्ही पक्ष जुने कागद घेऊन पंचांपुढे उभे राहतात, हे आपल्याकडे नवे नाही. बोर्जा हे पोपच्या बाजूचे असे कागद शोधणारे जाणते गृहस्थ होते. ते नेपल्सच्या विरोधात लिहीत होते, एवढे ध्यानात ठेवू. शेवटी त्याचे काम पडेल.

१७७० साली त्यांची नेमणूक झाली ती आयुष्याला वळण देणारी ठरली. ते ‘प्रोपागांदा फीदे’ या संस्थेचे चिटणीस झाले. लॅटिन नावाचा अर्थ ‘ज्या श्रद्धेचा प्रसार करायचा ती’. आपण एरवी जो ‘प्रोपगंडा’ शब्द नाक मुरडून वापरतो, तो या संस्थेच्या नावातूनच जगभर पसरला. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी २२ जून १६२२ रोजी तिची स्थापना केली. तोवर आशिया आणि अमेरिकेतले धर्मप्रसाराचे काम स्पेन आणि पोर्तुगालच्या राजांच्या आश्रयाने चाले. बिशप कोण नेमायचा, हे राजे ठरवत. पोर्तुगीजांच्या या हक्काला ‘पाद्रोआदो’ म्हणत आणि पूर्वेकडे त्याचे केंद्र होते गोवा. रोमला ही सूत्रे आपल्या हाती हवी होती, म्हणून ही संस्था.

त्या ओढाताणीची झळ आपल्या भागात चांगलीच बसली. मातेउश दे कास्त्रो हे दिवाडी बेटावरचे, ब्राह्मण घराण्यातून आलेले ख्रिस्ती. गोव्याच्या पोर्तुगीज धर्मसत्तेने त्यांना पाद्रीपदाची दीक्षा दिली नाही, म्हणून ते थेट रोमला गेले आणि तिथे दीक्षा घेतली. १६३७ मध्ये प्रोपागांदाने त्यांना बिशप करून आदिलशाही मुलखासाठी पाठवले. गोव्याच्या वेशीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीत त्यांनी ठाण मांडले आणि पोर्तुगीजांशी त्यांचा झगडा जन्मभर चालला. रोमच्या कागदोपत्री या प्रांताचे नाव ‘इदालकान’, म्हणजे आदिलखान, असे पडले. १७७८ च्या व्याकरणाच्या शीर्षकातला आदिलशाह बहुधा याच दप्तरी सवयीचा वारसा. राज्ये जातात, फायलींवरची नावे मात्र राहतात.

प्रोपागांदाचा प्रमुख कार्डिनल असे आणि त्याला ‘प्रीफेक्ट’ म्हणत. जगभरचे मिशन त्याच्या ताब्यात, म्हणून पुढे रोमकर त्याला ‘लाल पोप’ म्हणू लागले. पण प्रमुख हा प्रमुख. रोजचे काम ओढणारा तो चिटणीस. चीनहून, सयामहून, मलबारहून, सीरियाहून, इजिप्तहून येणारी पत्रे त्याच्या मेजावर पडत. कुठे पाद्री आपापसांत भांडले, कुठे पैसे पोचले नाहीत, कुठे स्थानिक चालीरीती किती चालवून घ्यायच्या असा पेच पडला. प्रत्येक प्रकरणाचा गोषवारा करून कार्डिनलांपुढे ठेवायचा आणि निर्णय झाला की उत्तर लिहायचे. पत्र जाऊन उत्तर यायला दीड-दोन वर्षे सहज लागत. वाटेत जहाज बुडाले तर सगळे पहिल्यापासून. बोर्जा यांनी हे काम १९ वर्षे केले. याच काळात, १७७३ मध्ये, पोप चौदावे क्लेमेंट यांनी जेझुइट संघ बरखास्त केला. आशिया-अमेरिकेतल्या कित्येक मिशनांचा कणाच मोडला आणि ती पोकळी भरण्याची जबाबदारी प्रोपागांदाकडे आली.

याच टपालातून बोर्जा यांचा दुसरा उद्योग चालू झाला. मिशनऱ्यांना जाणाऱ्या पत्रांतून त्यांची मागणी जाई: तिकडची नाणी, हस्तलिखिते, मूर्ती, शिलालेखांचे ठसे मिळाले तर पाठवा. वेल्लेत्रीचा वाडा भरू लागला. इजिप्तच्या मूर्ती आणि ममीपेट्या, कूफी लिपीतली अरबी नाणी, ब्रह्मदेश आणि सयामची हस्तलिखिते, मलबारची ताडपत्रे, हिंदू देवतांच्या प्रतिमा आणि चित्रे. इजिप्तमध्ये सोहागजवळ ‘श्वेत मठ’ नावाचा जुना ख्रिस्ती मठ आहे. तिथल्या कॉप्टिक हस्तलिखितांची सुटी पाने पेट्या भरभरून आली. कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेची शेवटची अवस्था. चित्रलिपी उलगडताना शांपोलियोंना पुढे ज्या भाषेचा आधार मिळाला, ती हीच.

२२ फेब्रुवारी १७८७ रोजी जर्मन कवी गटे नेपल्सकडे जाताना वेल्लेत्रीत थांबले आणि त्यांनी हा संग्रह पाहिला. त्यांच्या नजरेत भरल्या दोन चिनी पेट्या: एकीवर रेशमाच्या किड्यांचे संगोपन, दुसरीवर भातशेती, दोन्ही पायरीपायरीने चितारलेली. रोमच्या इतक्या जवळ असून लोक हे बघायला येत नाहीत, याची त्यांना खंत वाटली.

आता मुद्दा असा की बोर्जा यांना यातले किती वाचता येत होते? फार थोडे. ते लॅटिन-इटालियन परंपरेतले विद्वान. कॉप्टिक, अरबी किंवा संस्कृतचे पंडित नव्हेत. वस्तू गोळा करणारे धनिक युरोपात तेव्हा पुष्कळ होते, पण बहुतेकांची दालने पाहुण्यांना दाखवण्यापुरती. बोर्जा यांनी वेगळी रीत धरली. ज्याला जे वाचता येते, त्याच्यापुढे ते ठेवायचे, आणि त्याने लिहिलेले छापून निघेल असे पाहायचे. कूफी नाण्यांवर आडलर यांनी १७८२ मध्ये ग्रंथ लिहिला. ते उत्तरेकडून आलेले प्रॉटेस्टंट. कॉप्टिक पानांची सूची गेओर्ग त्सोएगा या डेन्मार्कच्या पंडितांनी केली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८१० मध्ये निघाली आणि कॉप्टिकच्या अभ्यासाचा पायाच ठरली. इजिप्तच्या सुलतान अल्-कामिलसाठी १२२५ साली घडवलेला पितळी खगोल सिमोने आस्सेमानी यांनी १७९० मध्ये उलगडला. पाखंडाशी लढण्यासाठी स्थापलेल्या संस्थेचा चिटणीस पाखंडी मानल्या गेलेल्या पंथांच्या विद्वानांना घराची दारे उघडून देत होता. ज्ञानाच्या बाबतीत त्यांनी सोवळे पाळले नाही.

भारताच्या वाट्याला आले फ्रा पाओलिनो. हे मूळचे ऑस्ट्रियाचे, कार्मेलाइट संघाचे पाद्री. १७७६ ते १७८९ या काळात केरळात राहून संस्कृत आणि मल्याळम शिकलेले. रोमला परतल्यावर बोर्जा यांनी त्यांना आश्रय दिला. १७९० मध्ये त्यांचे संस्कृत व्याकरण रोममध्ये छापले गेले. युरोपात छापलेले ते पहिले संस्कृत व्याकरण. पाठोपाठ १७९१ मध्ये वेल्लेत्रीतल्या भारतीय वस्तूंच्या आधारे हिंदू धर्माची, पुराणकथांची आणि समाजरचनेची माहिती देणारा ग्रंथ निघाला. त्यात चुका आहेत, मिशनऱ्याचे पूर्वग्रहही आहेत. तरी ताडपत्रावरची अक्षरे समोर ठेवून लिहिलेला तो ग्रंथ आहे.

प्रोपागांदाचा स्वतःचा छापखाना होता आणि त्याची खरी दौलत म्हणजे नाना लिपींचे खिळे. १७७१ मध्ये तिथून देवनागरीची ओळख करून देणारे पुस्तक निघाले, ‘आल्फाबेतुम ब्राह्मानिकुम’. देवनागरीच्या सुट्या खिळ्यांनी छापलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढच्या वर्षी मल्याळम लिपीचे, त्याच्या पुढच्या वर्षी तिबेटीचे, १७७६ मध्ये ब्रह्मी लोकांच्या लिपीचे. ‘ग्रामातिका मराष्टा’ याच रांगेत येते. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले होते, पण रोमन अक्षरांत, कारण आपल्या लिपीचे खिळे तिथे नव्हते.

हेतूबद्दल गैरसमज नको. ही पुस्तके मराठी वाचकांसाठी नव्हती. आपल्या लोकांत उतरून धर्म सांगणाऱ्या पाद्र्यांची जीभ वळावी म्हणून होती. पण हेतू आणि परिणाम दर वेळी एकाच वाटेने जात नाहीत. पाद्र्याच्या सोयीसाठी पाडलेला खिळा लिपीची नोंद ठेवून गेला.

३० मार्च १७८९ रोजी पोप सहावे पायस यांनी बोर्जा यांना कार्डिनल केले. कार्डिनल म्हणजे पोपच्या दरबारातले सर्वोच्च मानकरी. लाल वस्त्रे, लाल टोपी आणि नवा पोप निवडण्याचा अधिकार. सान क्लेमेन्ते हे रोममधले प्राचीन चर्च त्यांच्या नावे झाले. शिवाय रोमच्या अनाथ अर्भकांच्या संस्थेचा कारभारही त्यांच्याकडे आला. वय ५७. एरवी याच्यापुढे चर्चमधल्या माणसाचे आयुष्य सुखासमाधानात सरकते. पण नियुक्तीनंतर पाच-सहा आठवड्यांतच फ्रान्समध्ये राजाने बोलावलेली तिन्ही वर्गांची सभा भरली आणि क्रांतीचा वणवा पेटला.

तो रोमपर्यंत यायला आठ-नऊ वर्षे लागली. २८ डिसेंबर १७९७ रोजी रोममधल्या दंगलीत फ्रेंच सेनानी द्यूफो मारला गेला आणि फ्रान्सला निमित्त मिळाले. अशा धामधुमीत पोपनी शहराचा बंदोबस्त बोर्जा यांच्यावर सोपवला होता. पण हस्तलिखितांच्या पेट्या सांभाळणे वेगळे आणि पेटलेले शहर सांभाळणे वेगळे. फेब्रुवारी १७९८ मध्ये फ्रेंच फौज आत आली, १५ तारखेला रोमन प्रजासत्ताकाची घोषणा झाली, आणि पाचच दिवसांनी ऐंशी वर्षांच्या पोपना शहराबाहेर नेण्यात आले. बोर्जा यांना अटक झाली. सुटका झाली ती रोमबाहेर घालवण्यासाठीच. प्रोपागांदा बंद पडली. तिच्या छापखान्यातले अरबी खिळे नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला गेले आणि ज्या अक्षरांनी धर्म सांगायचा होता त्यांनी फ्रेंच सेनापतीचे जाहीरनामे छापले.

पोप सहावे पायस २९ ऑगस्ट १७९९ रोजी फ्रान्समध्ये कैदेत वारले. रोममध्ये निवडणूक घेणे शक्य नव्हते, म्हणून कार्डिनल व्हेनिसच्या एका बेटावरच्या मठात जमले. त्यांत बोर्जा होते. साडेतीन महिने घोळ चालला. १४ मार्च १८०० रोजी सातवे पायस निवडले गेले. आदल्याच दिवशी पुण्यात नाना फडणिसांनी देह ठेवला होता. विस्कटलेली घडी पुन्हा बसवणारे जुने कारभारी नव्या पोपना हवे होते. १८०२ मध्ये बोर्जा प्रोपागांदाचे प्रमुख झाले. ज्या मेजावर १९ वर्षे चिटणिशी केली, त्याच कचेरीचे ते धनी झाले. पण तिजोरी रिकामी होती आणि छापखाना लुटलेला.

१८०४ च्या नोव्हेंबरात नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी पोप पॅरिसला निघाले. हिवाळ्याच्या तोंडावर आल्प्स ओलांडायचा, आणि बोर्जा ७२ वर्षांचे. लिओंला ते आजारी पडले आणि २३ नोव्हेंबरला तिथेच वारले. पोपचा लवाजमा पुढे गेला. २ डिसेंबरला नेपोलियनने मुकुट स्वतःच्याच हाताने डोक्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी बोर्जा ७३ वर्षांचे झाले असते.

त्यांच्यामागे संग्रहाचे दोन वाटे झाले. रोममधला हस्तलिखितांचा भाग प्रोपागांदाकडे गेला आणि १९०२ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पोचला. हरणाच्या कातड्यावर रंगवलेली मेक्सिकोची प्राचीन पोथी, जी आज ‘बोर्जा पोथी’ म्हणून जगाला माहीत आहे, ती तिथेच आहे. स्पॅनिश पाद्र्यांनी अशा पोथ्या ढिगांनी जाळल्या, ही वाचली. वेल्लेत्रीचा संग्रह पुतण्या कामिल्लोकडे आला. त्याने तो १८१४ मध्ये नेपल्सचा राजा म्यूरा याला विकायला काढला, म्यूरा पडला, आणि परतलेल्या जुन्या राजघराण्याने तो व्यवहार पुरा केला. ज्या नेपल्सच्या विरोधात बोर्जा यांनी पोपच्या हक्काचे पुरावे छापले, त्याच नेपल्सच्या संग्रहालयात त्यांची जन्माची कमाई जाऊन बसली.

आणि ‘ग्रामातिका मराष्टा’? तिची दुसरी आवृत्ती १८०५ मध्ये लिस्बनला निघाली. त्याच साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले आणि मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता छापली गेली. बोर्जा यांना जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होते.

नेपल्सच्या संग्रहालयात त्यांची एक वस्तू आहे: पपायरसची एक गुंडाळी. इजिप्तमध्ये १७७८ मध्येच एका व्यापाऱ्यापुढे अशा चाळीस-पन्नास गुंडाळ्या विकायला आल्या, अशी हकिकत सांगतात. त्याने एकच घेतली. बाकीच्या तिथल्या लोकांनी जाळून टाकल्या. धुराला वास छान येतो म्हणून. ती एक गुंडाळी बोर्जा यांच्याकडे आली आणि १७८८ मध्ये शाव या डॅनिश पंडितांनी ती वाचून प्रसिद्ध केली. सगळ्यांच्या आशा मोठ्या होत्या. एखादे हरवलेले नाटक, एखादा लुप्त इतिहास निघेल. निघाली ती इ.स. १९२-१९३ मधली एक यादी. एका इजिप्शियन गावातल्या मजुरांनी नदीच्या बांधावर पाच-पाच दिवस केलेल्या वेठबिगारीची. विद्वान हिरमुसले.

आज इजिप्तच्या वाळूतून मिळालेल्या ग्रीक कागदांच्या अभ्यासाची सुरुवात त्याच यादीपासून मोजतात. बांधावर माती टाकणाऱ्या त्या माणसांची नावे एरवी कोणी लिहून ठेवणार नव्हते, आणि लिहिली तरी जपणार नव्हते. वेल्लेत्रीच्या वाड्यात ती दहा वर्षे न वाचता पडून होती; तिथे धूर करायला कोणी बसले नाही, एवढ्याने ती उरली.